शिट्टी वाजली की खाटेवर

ऊस तुटून गेला की रानं उघडी पडतात आणि मग कुठून ना कुठून पाचट पेटवल्याचा वास येऊ लागतो. साताऱ्यात माझ्या घराच्या आसपास आता ऊस राहिलेला नाही, इमारतीच उभ्या राहिल्यात, तरी फाल्गुनातल्या वाऱ्याला रस्ता सापडतो. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर जळक्या काळ्या काड्या येऊन पडतात. बोट लावलं की त्यांची पूड होते आणि डाग पसरतो. शेजारची सून वैतागते, कपडे पुन्हा पाण्यातून काढते. या वासानं कुणाला गुऱ्हाळ आठवत असेल, कुणाला माहेर. माझे कान गरम होतात. पंचाहत्तरी ओलांडली, तरी होतात.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो दुसरा का तिसरा हंगाम. मी पंचविशीतली, मूळची रहिमतपूरची. कराडच्या बाहेर, चहूबाजूंनी उसानं वेढलेल्या एका वृद्धाश्रमात व्यवस्थापिका म्हणून लागले होते. आश्रम म्हणजे एक लांबलचक कौलारू दालन, मधोमध गोणपाटाचा पडदा, पडद्याच्या अलीकडे पुरुषांच्या खाटा, पलीकडे बायकांच्या. मागे स्वयंपाकघर आणि गाईचा गोठा, पुढे अंगण आणि अंगणात चिंचेचं झाड. बावीस म्हातारी माणसं आणि आम्ही पाचजण कामाला. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत.

त्या दिवसांत रस्त्यावरून उसाच्या गाड्या दिवसभर जात. बैलांच्या घुंगरांचा आवाज अंगणात यायचा आणि म्हाताऱ्यांचे चेहरे तिकडे वळायचे. एखादा गाडीवान ओळखीनं चार कांडी फेकायचा. दात असलेले कमी, त्यामुळे ऊस बघायचाच जास्त. पण बिराप्पा एक कांडं घेऊन त्याचे बारीक तुकडे करायचे, दगडावर ठेचायचे आणि तो चोथा सखूबाईच्या हातात द्यायचे. सखूबाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती चोथा तोंडात धरून रस ओढत बसायची आणि हनुवटीवरून ओघळ गेला की पदरानं पुसायची. त्या दोघांचं नातं काही नव्हतं. ती कराडचीच, ते जतकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, मागोमाग बायको गेली आणि ते चालत चालत इकडे आले, ते आमच्याकडेच राहिले. उंच, हडकुळे, खांद्यावर कायम घोंगडं. कुणी काही सांगितलं की ते मान तिरकी करून पूर्ण ऐकून घेत आणि मग तसंच्या तसं करत.

कोयनेकडचे धक्के तेव्हा अधूनमधून बसायचे. फळीवरची भांडी वाजायची, कौलं सरकायची. म्हणून संस्थेनं मला पुण्याला आठ दिवसांच्या शिबिराला पाठवलं. आग लागली, जमीन हादरली, पाणी शिरलं तर माणसं कशी बाहेर काढायची, याचं शिक्षण. त्या शिबिरात मुलगी मी एकटीच, आणि मीच पहिली आले. येताना एक पितळी शिट्टी, एक जाड वही आणि भरपूर ऐट घेऊन आले.

दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना अंगणात उभं केलं. पहारेकरी हणमंतराव फौजेतून पेन्शनीत आलेले, ते तर खूश झाले. स्वयंपाकाच्या कोंडाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. मी शिट्टी वाजवली की सगळ्यांना बाहेर काढायचं, असं ठरलं. शिट्टी वाजली आणि अर्धा तास नुसता गोंधळ चालला. एका आजोबांना पायताण सापडेना. एक आजी ट्रंक घेतल्याशिवाय उठेना. सखूबाई रडायला लागली. बिराप्पा दारात येऊन थांबले.

"आग कुटं हाय?"

"आग नाही, आप्पा. आहे असं समजायचं."

"मग तसं आदी सांगायचं. ही बिचारी भ्याली की."

माझ्या वहीत लिहिलं होतं, चार मिनिटं. पुण्याला आम्ही साडेतीन मिनिटांत करून दाखवलं होतं. आणि इथे पंधरवड्यानं संस्थेचे चिटणीस जिल्ह्याच्या साहेबांना घेऊन प्रात्यक्षिक बघायला येणार होते.

तेव्हा मी जे केलं ते मला हुशारीचं वाटलं. म्हातारी माणसं प्रात्यक्षिकातून काढून टाकली. त्यांच्याऐवजी आमच्यातल्याच दोघींनी खाटेवर झोपायचं आणि उरलेल्यांनी त्यांना चादरीच्या झोळीत घालून बाहेर आणायचं. खऱ्या म्हाताऱ्यांनी मध्ये यायचं नाही. शिट्टी वाजली की प्रत्येकानं आपापल्या खाटेवर जाऊन गप्प बसायचं, बोलवेपर्यंत उठायचं नाही.

कोंडाबाई म्हणाल्या, "बाई, ह्यास्नी चालाय येतंय तवर चालू द्या की. रोज थोडं थोडं केलं तर सवय हुईल."

"आगीला वेळ नसतो, कोंडाबाई," मी म्हटलं. हे वाक्य मी पुण्याहून आणलं होतं आणि वापरायला संधी शोधत होते.

मग आठवडाभर मी रोज सकाळी शिट्टी वाजवली. अंगणातले, पायरीवरचे, चिंचेखालचे सगळे उठून आत जायचे आणि खाटेवर बसायचे. मी रांगेतून फिरून बघायचे. जो आधी बसला असेल त्याला शाबासकी द्यायचे. बिराप्पा रोज पहिले असत. सखूबाईला हाताला धरून तिच्या खाटेवर बसवून, मग पडदा सारून स्वतःच्या खाटेवर येऊन, हात गुडघ्यांवर ठेवून ते माझ्याकडे बघत.

"माजं कुत्रं आसंच हुतं," ते एकदा अभिमानानं म्हणाले. "शिट्टी घातली की बसलंच. लय शानं."

सगळे हसले. मीही हसले. आज ते हसणं आठवलं की कुणी बघत नसतानाही मी चेहरा फिरवते.

प्रात्यक्षिक उत्तम झालं. कोंडाबाई म्हातारी होऊन कण्हल्या, त्यांना झोळीतून बाहेर आणलं, हणमंतरावांनी वाळूच्या बादल्या ओतल्या. तीन मिनिटं आणि काही सेकंद. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आत बावीस माणसं आपापल्या खाटेवर गप्प बसली होती. त्यांची शिस्त पाहून साहेब विशेष खूश झाले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, जेवणं उरकल्यावर, शेजारच्या रानात पाचट पेटवलं होतं. दरवर्षीच पेटवत. पण त्या दिवशी वारा फिरला. मी कचेरीत वही लिहीत होते. खिडकीत उजेड जरा पिवळा झाला म्हणून मान वर केली, तर गोठ्यामागची कडब्याची गंजी पेटली होती आणि ज्वाळा दालनाच्या मागच्या वळचणीला लागत होत्या. मी शिट्टी तोंडात धरली आणि अंगणात धावले.

सगळी म्हातारी त्या वेळी चिंचेच्या सावलीत बसली होती. जेवणानंतरची त्यांची ती जागाच. म्हणजे ती बाहेर होती. आगीपासून लांब, मोकळ्या हवेत, सुरक्षित.

मी शिट्टी वाजवली आणि ती सगळी उठली.

काठ्या टेकत, एकमेकांना धरत, ती ओळीनं दालनाकडे निघाली. मला आज खरं सांगायचं आहे. त्या क्षणी त्यांना उठताना बघून मला बरं वाटलं. सगळं ठरल्याप्रमाणे होतंय, असं वाटलं. डोळ्यांना दिसत होतं ते डोक्यात शिरायला काही पळं गेली. तोपर्यंत बिराप्पा सखूबाईला घेऊन उंबरा ओलांडून आत गेलेसुद्धा.

हणमंतरावांनी बाकीच्यांना आडवे हात करून थोपवलं आणि ते आत धावले. त्यांच्या मागोमाग कोंडाबाई ओलं पोतं डोक्यावर घेऊन शिरल्या. कौलांखालच्या रिपा पेटून खाली पडत होत्या. आणि मी काय करत होते, तर दारात उभी राहून शिट्टी वाजवत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. जीव खाऊन वाजवत होते. आत हणमंतराव बिराप्पांना खाटेवरून ओढत होते आणि ते खाटेची दांडी सोडत नव्हते. धुरानं खोकत, पण माझ्याकडे बोट करून सांगत होते, "शिट्टी वाजतीया. आजून शिट्टी वाजतीया."

हणमंतरावांनी आतूनच ओरडून मला थांबवलं, तेव्हा मी थांबले. मग त्यांनी बिराप्पांना खांद्यावर टाकून बाहेर आणलं. कोंडाबाईंनी सखूबाईला आणलं. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. रानातली माणसं धावत आली, विहिरीवरून पाणी आलं, अर्धं छप्पर वाचलं.

कुणी दगावलं नाही. हे वाक्य मी पुढे फार वापरलं. कुणी काही विचारायच्या आधीच मी ते म्हणून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी चिटणीस आले. भले गृहस्थ होते, हळू बोलायचे. चहा पुढे होता, त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "बाकी सगळं समजलं. पण बाहेर बसलेली माणसं आत कशी गेली, तेवढं कळत नाही."

हणमंतराव दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मीच म्हणाले, "घाबरली असतील. वयानं गोंधळ होतो." चिटणीसांनी मान हलवली. कागद पुढे सरकवला. आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, की बिराप्पा हे भ्रमिष्टपणे आत शिरले व अंध सखूबाईंनाही त्यांनी आत ओढून नेले. लिहिताना मी कुठे अडखळले नाही. तीही गोष्ट मला लपवायची नाही.

चिटणीस गेल्यावर हणमंतराव तिथेच उभे राहिले. "बाई, फौजेत आर्डर कुनी दिली, त्येचं नाव पयलं लिवत्यात," ते म्हणाले, आणि बादल्या भरायला निघून गेले. त्यानंतर ते मला पूर्वीसारखाच नमस्कार करत, कामात कसूर करत नसत. मला मात्र त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी काहीतरी काम काढून आत जावंसं वाटे.

एखादा शब्द कागदावर गेला की त्याला पाय फुटतात. भ्रमिष्ट माणूस इतरांमध्ये ठेवणं धोक्याचं, असं संस्थेनं ठरवलं. सांगलीला अशा म्हाताऱ्यांची सोय असलेली एक जागा होती. "त्यांचा जिल्हाही तोच," चिटणीस म्हणाले, "बरंच झालं." मीही म्हणाले, बरंच झालं. बिराप्पांना एस.टी.त बसवायला हणमंतराव निघाले, तेव्हा बिराप्पा घोंगडं खांद्यावर टाकून माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, माजं काय चुकलं?"

"काही नाही, आप्पा. तिकडे डॉक्टर चांगले आहेत. खोकला बरा होईल."

त्यांनी मान तिरकी करून पूर्ण ऐकून घेतलं. सखूबाई भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. डाव्या हातानं तिनं त्यांचं घोंगडं चाचपलं, एकदा मुठीत धरलं आणि सोडलं.

मधेच आजचं एक सांगते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत आगीचं प्रात्यक्षिक झालं. दोन तरुण मुलगे आणि एक मुलगी आली होती, अंगावर पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ज्येष्ठांनी त्रास घेऊ नका हं. तुम्ही घरातच बसून राहा, आम्ही आहोत ना." मी तिच्याकडे बघत राहिले. अगदी माझ्याच वयाची होती, म्हणजे तेव्हाच्या माझ्या. मी काठी घेतली आणि जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला मला बराच वेळ लागला. मागे माणसं खोळंबली, कुणीतरी घड्याळ बघितलं. खाली आल्यावर तिला सगळं सांगावं, असं मनात होतं. पण मी इतकंच म्हणाले, "म्हाताऱ्यांनाही उतरवत जा, बाळ." तिनं हसून मान डोलावली. मला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं नाही, आणि मी कळू दिलंही नाही.

तर त्या वर्षी बिराप्पा सांगलीला गेल्यावर चैत्र गेला, वैशाख गेला. नवीन छप्पर आलं. तुटलेल्या उसाच्या बुडख्यांना कोवळे हिरवे कोंब आले आणि जळक्या रानाचा मागमूस राहिला नाही. सखूबाईचा हात बरा होत होता, पण कातडी आखडली होती. मी रोज तिच्या हाताला खोबरेल तेल लावायचे. ती रोज विचारायची, "आप्पा कवा येनार?" आणि मी रोज काहीतरी सांगायचे.

आषाढातल्या एका सकाळी तेल लावून घेताना ती म्हणाली, "बाई, आप्पांनी मला आत वडून न्हेलं, आसं समदी म्हनत्यात. तसं न्हाई झालं."

"मग कसं झालं?"

"त्ये जरा थांबलं हुतं. धुराचा वास येतोय म्हनलं. मीच म्हनलं, आप्पा, शिट्टी झाली, चला बिगी बिगी, न्हाईतर बाई रागं भरतील."

माझी बोटं तिच्या हातावर होती तिथेच राहिली. ती पुढे म्हणाली, "माज्यापायी त्यास्नी घालवलं. माजं नाव लिवा की तिथं."

म्हणजे बावीस माणसांतल्या एका आंधळ्या बाईला जे चार महिने छळत होतं, ते माझं होतं. मी तिला म्हटलं की तुझं काही नाही, सखूबाई, सगळं माझं आहे. तिला ते समजलं नाही. तिला वाटलं, मी समजूत घालतेय.

त्या दुपारी मी कागद घेतला आणि जे झालं ते लिहिलं. शिट्टी, खाट, आठवडाभरची शाबासकी, सगळं. चिटणीसांच्या घरी जाऊन हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं, आता नोकरी जाईल. जावी, असंही वाटत होतं.

"अजून कुणी वाचलंय हे?"

"नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली. "झालं ते झालं. तुम्ही लहान आहात, घाबरलात. त्यांना परत आणायचं असेल तर खुशाल आणा, मी तिकडे चिठ्ठी देतो. पण मागचे कागद मी आता बदलत नाही." मग आतून चहा मागवला. मी तो प्यायले. शिक्षा झाली असती तर कुठेतरी हिशेब मिटला असता, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. आता तसंही वाटत नाही.

सांगलीला पोचले तेव्हा पाऊस बारीक लागला होता. बिराप्पा पडवीत खाटेवर बसले होते. कपडे स्वच्छ, दाढी केलेली, खोकला कमी. तिथल्या लोकांनी त्यांना मायेनं ठेवलं होतं, यात शंका नाही. पण कागद त्यांच्याबरोबर गेला होता. "आप्पा, तुम्ही आत्ताच जेवलात," असं तिथली एक मावशी त्यांना समजावत होती. ते खरंच जेवले होते की नाही, कोण जाणे. त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि मान डोलावली. हे मान डोलावणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. "आप्पा, तुम्ही भ्रमिष्ट नाही. शिट्टी वाजली की आत जाऊन बसा, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. तुम्ही सांगितलेलं ऐकलंत. कागदावर मी खोटं लिहिलं. चूक माझी होती."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग ते म्हणाले, "न्हाई बाई. आग लागल्याली आसताना आत जा, आसं तुमी कशाला सांगाल? तुमी शिकल्याली मानसं. माज्याच डोस्क्यात कायतरी घोळ झाला आसंल."

"नाही, आप्पा. मीच सांगितलं होतं."

"ऱ्हाऊ द्या. तुमी मनाला लावून घिऊ नगा." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं सांगावं तितके ते मलाच धीर देत राहिले. ज्या माणसाला मी खोटं पाडलं होतं, तो माझ्या खरेपणाची बाजू माझ्याविरुद्ध लढवत होता, आणि त्यासाठी स्वतःच्या डोक्यावर दोष घेत होता. चार महिन्यांत सगळ्यांनी इतकं प्रेमानं सांगितलं होतं, की त्यांना ते पटलं होतं.

मी त्यांना कराडला परत आणलं. सखूबाईनं त्यांचा आवाज ओळखला आणि बाजूला सरकून जागा करून दिली. ते आणखी दोन वर्षं जगले. पण काहीही करायच्या आधी ते थबकत. ताट कुठे ठेवायचं, आंघोळ झाली का, आज कोणता वार. ज्याला त्याला विचारत, "हे बराबर हाय न्हवं?"

त्या हिवाळ्यात आम्ही प्रात्यक्षिक पुन्हा सुरू केलं. या वेळी कोंडाबाई सांगतील तसं. शिट्टी नव्हती, हणमंतराव थाळी वाजवत. कोणी झोळीत नाही, कोणी खाटेवर नाही. ज्याला जसं चालता येईल तसं त्यानं चालत बाहेर यायचं, ट्रंकेसकट, पायताणांसकट. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. मी घड्याळ काढून कचेरीत ठेवलं होतं. एकेकजण दारातून बाहेर पडत होता. सखूबाई भिंतीला धरून एकटी आली आणि उन्हात उभी राहिली.

बिराप्पा शेवटी आले. उंबऱ्याशी थांबले. बाहेर सगळे उभे होते, त्यांना हाका मारत होते, पण त्यांनी पाय उचलला नाही. सगळ्यांवरून नजर फिरवत त्यांनी मला शोधलं.

"बाई, भाईरच यायचं न्हवं?"

"हो, आप्पा. बाहेरच."

त्यांचा चेहरा निवळला. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, अशा भरवशानं त्यांनी उंबरा ओलांडला.